तक्रार नाही

माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायची तर ‘मले नको’ एवढे दोन शब्द पुरेत. आंब्याची शेवटची फोड असो, गाडीत खिडकीजवळची जागा असो, दिवाळीची साडी असो, समोर काही धरलं की त्या हात मागे घेत आणि म्हणत, “मले नको, तुमीच घ्या.” रत्नमालाबाई देवतळे, वय एकाहत्तर. लग्न होऊन सांगलीहून चंद्रपुरात आले तेव्हा पहिली दोनतीन वर्षं मी खूप आग्रह करायची. मग थकले. पुढे मला त्याची सोयच वाटू लागली. जे घडलं ते या सोयीतूनच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

डबा घेतला तो हर्षलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर. आत दोन बाकं, एक शेगडी, एक छोटा एसी आणि हात धुवायला बेसिन. ताडोब्याच्या जंगलाकडेला नेऊन लावायचा आणि रात्री मुक्काम करायचा, अशी हौस. मिठासारख्या स्वस्त मालापासून सोडियमच्या बॅटऱ्या बनायला लागल्यापासून असे ट्रेलर स्कूटरीच्या किमतीला मिळत होते. आमच्या डब्याच्या पोटात तीस युनिट वीज मावत होती आणि छपरावर सौरपत्रा होता. चौदा महिन्यांत आम्ही ताडोब्याला गेलो दोनदा. उरलेले दिवस डबा अंगणात उभा राहून घर चालवत होता.

कारण चंद्रपुरात उन्हाळ्यात वीज जाणं हे आता दूधवाल्याच्या येण्यासारखं झालं होतं. घरोघरी एसी, बाहेर सत्तेचाळीस, आणि तारा तापून लोंबायला लागल्या की दुपारची दोन-तीन तास बत्ती गुल. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, दर चौथ्या अंगणात असा एक डबा उभा होता. वीज गेली की डबा आपोआप घराच्या तारा बाहेरच्या लाइनपासून तोडायचा आणि स्वतः वीज द्यायला लागायचा.

पण तीस युनिटांत सगळं घर चालत नाही. कुणाला द्यायची आणि कुणाची तोडायची, हे ठरवायला पॅसेजच्या भिंतीवर एक पेटी बसवली होती. मिहिका, माझी आठ वर्षांची मुलगी, तिला वाटप्या म्हणायची. प्रत्येक खोलीच्या नावाचं एक बटण आणि त्यावर एक हिरवा दिवा.

ती बसवायला आलेल्या मेकॅनिकने विचारलं, “क्रम तुम्ही देता, का पेटीला शिकू देता? तुम्ही देणार असाल तर या कागदावर खोल्या लिहा. सगळ्यात महत्त्वाची वर, बिनमहत्त्वाची खाली.”

हर्षलने पेन घेतलं. दिवाणखाना लिहिला. मिहिकाची खोली लिहिली. मग पेन थांबलं. उरली आमची आणि मागची, म्हणजे आईंची. आई समोरच बसून पालक निवडत होत्या.

“माही खाली लिही,” आई म्हणाल्या. “मले एसी कायले पायजे?”

“आई, काहीतरी बोलू नका,” हर्षल म्हणाला. त्याने कागद चुरगळला. “शिकू द्या तिला. मशीन आहे, आपल्यापेक्षा बरं ठरवेल.”

मला तेव्हा केवढं हायसं वाटलं! आईचं नाव शेवटी लिहिणारं घर आमचं नव्हतं.

पेटी शिकायची कशी, ते मेकॅनिकने सांगितलं होतं. प्रत्येक यंत्र सुरू होताना वीज आपापल्या चालीने ओढतं. फ्रिजची ओढ वेगळी, पंपाची वेगळी. त्या चालीवरून पेटी ओळखायची की कुठे काय चाललंय. मग अधूनमधून ती एकेक खोली काही मिनिटं तोडून बघायची. कुणी उठून बटण दाबलं तर ती खोली गरजेची. जितक्या लवकर कुणी उठेल तितकी जास्त गरजेची. कुणीच उठलं नाही तर पेटी नोंद करायची: तक्रार नाही.

दिवाणखान्याचा एसी बंद झाला की मिहिका किंचाळत धावायची. आमच्या खोलीचा बंद झाला की हर्षल शिव्या घालत उठायचा. मागच्या खोलीचा बंद झाला की काहीच व्हायचं नाही. मला ते कळायचं, बरं का. त्या एसीची घरघर थांबली की भिंतीपलीकडे एकदम शांत व्हायचं. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि म्हणायची, त्यांना नकोच असेल. चौदा महिने मी असं म्हणत राहिले.

जूनचा पहिला आठवडा होता. पावसाचा पत्ता नव्हता, पण हवेत त्याची वाफ येऊन बसली होती. मी शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचं काम करते. आमच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात दोन तापमापकं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक साधं, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यातलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून दुसऱ्याचा पारा नेहमी खाली असतो. माठ थंड राहतो तो याच कारणाने. कूलर चालतो तोही. आणि माणूस जगतो तोही, कारण घाम म्हणजे अंगाला गुंडाळलेलं ओलं फडकंच.

पण हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर पाणी उडत नाही. ओल्या फडक्याचा पारा वर चढत जातो. तो पस्तिसाला पोचला की सावलीत, पंख्याखाली, माठातलं पाणी पीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांत आतून शिजतो. म्हाताऱ्यांना तर त्याच्या बरंच आधी.

त्या दिवशी साडेबाराला साधा पारा बेचाळीसवर होता. चंद्रपूरकर त्याला थंड दिवस म्हणतात. ओलं फडकं तेहतीसवर होतं. आठ वर्षांत मी ते एकोणतिसाच्या वर कधी पाहिलं नव्हतं. मी फडकं बदललं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पाहिलं. तेहतीसच.

वीज आदल्या दिवशी सकाळी गेली होती ती आलीच नव्हती. अर्धा विदर्भ अंधारात होता. हर्षल गाडी घेऊन वर्ध्याला गेलेला, तिथेच अडकला. मिहिकाची शाळा बंद. ती आणि आई घरी होत्या आणि डबा घर चालवत होता, म्हणून मी निर्धास्त होते. केंद्र बंद पडलं तर शहराला पाणी नाही, त्यामुळे मला जाणं भागच होतं.

तेहतीस पाहिल्यावर मी मोबाइलवर पेटीचं पान उघडलं. डब्यात अठरा टक्के वीज उरली होती. आकाशावर पांढरट झाकण असल्यामुळे सौरपत्रा जेमतेम काही देत होता. दिवाणखाना सव्वीस अंश. फ्रिज चालू. मागची खोली एकोणचाळीस अंश, सकाळी सव्वाआठपासून बंद. आणि खाली तीच ओळ: तक्रार नाही. फोनवरून नुसतं बघता यायचं, बटण भिंतीवरच दाबावं लागायचं.

मी आईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग मिहिकाच्या टॅबवर लावला.

“आई, मी गोष्ट ऐकतेय,” ती म्हणाली.

“आजी कुठेय?”

“तिच्या खोलीत. ती म्हणाली, दार उघडू नको, गारवा निघून जाते. ती म्हणाली, मी झोपते.”

“कधी म्हणाली?”

“नाश्त्यानंतर.”

“मिहू, ऊठ. पॅसेजमध्ये जा आणि आजीच्या खोलीचं—”

फोन तुटला. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असणार. मोबाइलवर एकही दांडी उरली नव्हती. पोरीने माझं वाक्य कुठपर्यंत ऐकलं ते मला कळायला मार्ग नव्हता.

मी स्कूटर काढली. केंद्रापासून घर सात किलोमीटर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अंगाला वारा लागत होता तो भाताच्या कुकरच्या वाफेसारखा. घाम नुसता ओघळत होता, सुकत नव्हता. बंगाली कॅम्पच्या चौकात सावलीत एक कुत्रं आडवं पडलेलं दिसलं. ते धापाही टाकत नव्हतं. मी भ्यायले होते. सरळ सांगते, इतकी मी बाळंतपणातही भ्यायले नव्हते.

घरात शिरले तर दिवाणखान्याचं दार बंद, आतून गोष्टीचा आवाज. पॅसेज तापलेला. पेटीवर दिवाणखान्याचा दिवा हिरवा, मागच्या खोलीचा विझलेला. मी धावत मागे गेले.

आई पलंगावर नव्हत्या. खाली फरशीवर, पलंगाच्या कडेला टेकून बसल्या होत्या. जमिनीवर बरं वाटेल म्हणून उतरल्या असाव्यात. साडी घामाने भिजून अंगाला चिकटलेली. मांडीवर बांबूचा विंझणा. डोळे अर्धवट उघडे. माझ्याकडे पाहिलं, पण मला पाहिलं नाही.

“आई!”

“बस येऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “बस येऊन राह्यली, पोरं चढवा आंधी.”

कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. माणसाच्या इतक्या तापलेल्या अंगाला मी कधी शिवले नव्हते.

समोरच्या घरात गेडाम काका राहतात. आयुष्यभर आरोग्यसेवक म्हणून गावोगाव हिंडलेला माणूस. मी फाटकातून ओरडले आणि ते अनवाणीच आले. काखेत थर्मामीटर लावला. एकशे सहा.

“ताई, दवाखान्यात न्यायची सोय हाय का?”

“गाडी वर्ध्याला. फोन बंद.”

“मंग इथंच गार करा लागते. पाणी पाजू नका, शुद्धीत नाहीत त्या. बर्फ हाय?”

फ्रिजमधला होता नव्हता तेवढा बर्फ मी मानेला, काखेला लावला. चादर भिजवून अंगावर टाकली. पण ओल्या चादरीचा उपयोग किती, ते माझ्या व्हरांड्यातल्या पाऱ्याने मला मघाशीच सांगितलं होतं. पाणी उडायला कोरडी हवा हवी.

दिवाणखाना गार होता, पण त्याचा मोठा एसी तासाला युनिटच्या वर खातो. उरलेल्या विजेत तो संध्याकाळपर्यंतही टिकला नसता. तेव्हा मला अंगणातला डबा दिसला. जाड भिंतींचा, खोलीच्या आठव्या हिश्शाएवढा. त्याचा एसी फ्रिजपेक्षा थोडी जास्त वीज घेतो आणि हवेतली वाफही ओढून घेतो. दीड दिवस आम्ही त्याचं रक्त काढून घर चालवत होतो, आणि जगायला लागणारी जागा तोच होता. कुणाच्या डोक्यात आलं नाही. बॅटरी म्हणूनच बघायची सवय लागली होती ना त्याच्याकडे.

काकांनी खांदे धरले, मी पाय. मिहिका दार उघडून बाहेर आली आणि आजीला पाहून जागच्या जागी थिजली. “चल,” मी म्हटलं, “डब्यात चल.” तिला आत बसवलं, आईंना बाकावर आडवं केलं, एसी लावला. गार हवा आली. मला रडूच फुटलं.

दहा मिनिटांनी एसी बंद पडला.

मी धावत पॅसेजमध्ये गेले. पेटीच्या पट्टीवर अक्षरं होती: राखीव वीज पंधरा टक्के. केवळ गरजेच्या खोल्यांसाठी. डब्याचं बटण सगळ्यात खाली होतं, मागच्या खोलीच्याही खाली. का, ते मला लगेच उमगलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं तेव्हा दोन रात्री अंगणातल्या डब्यात आई झोपल्या होत्या, आणि एसी तुटल्यावर दोन्ही वेळा कुणी उठलं नव्हतं.

बटण दाबलं. दिवा लागला. दहा मिनिटांनी पुन्हा विझला.

मी दिवाणखान्याचा एसी, फ्रिज, सगळं बंद केलं. पेटीला त्याचं काही नव्हतं. दिवाणखान्यात आता कुणी नव्हतं, पण पेटीला माणसं दिसत नव्हती, सवयी दिसत होत्या. रिकाम्या दिवाणखान्याला कदाचित लागेल म्हणून ती वीज राखून बसली होती. शिकलेलं पुसायचं तर कंपनीकडून सांकेतिक क्रमांक यावा लागतो, आणि नेटवर्क मेलेलं. चौदा महिन्यांत आम्ही तिला जे शिकवलं ते एका दुपारीत ती विसरणार नव्हती.

“बटण दाबलं का दहा मिनिटं देते ना?” काका म्हणाले. “मंग दाबत राहा. मी यांच्यापाशी बसतो.”

मग मी दाबत राहिले. डब्यातून अंगण, अंगणातून ओटा, ओट्यावरून पॅसेज. बटण. परत डब्यात, आईंच्या पायाशी. काका ओल्या चादरीवर वारा घालत होते. एकशे पाच. पुन्हा उठायचं. तो पॅसेज चाळिसावर होता आणि दर खेपेला लांब होत चालला होता. एकदा ओट्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांबाला धरून उभी राहिले. किती वेळ गेला कळलं नाही. आत पोचले तर दिवा विझून चार मिनिटं झाली होती. डब्यातून मिहिकाच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यानंतर मी मिहिकाला घड्याळ दिलं. नऊ मिनिटं झाली की तिने हाक मारायची. तिने एकही चुकवली नाही.

धावता धावता मनात एकच होतं. एरवी हे चार पावलांवर होतं. अंथरुणातून उठायचं, चार पावलं चालायची आणि बोट टेकवायचं. तेवढंही मी चौदा महिने केलं नाही, आणि आता ते सगळं एका दुपारी वसूल होत होतं. त्या मेल्या तर पेटीने मारल्या असं जग म्हणेल. मला मात्र माहीत असेल.

पाचच्या सुमारास पारा एकशे दोनवर आला. आईंनी डोळे उघडले. या वेळी त्यांनी मला पाहिलं. मी हात धरला. ओठ हलले, मी कान जवळ नेला.

“पोरीले गरम होत असन,” त्या पुटपुटल्या. “तिले दे. मले नको.”

“गप्प बसा!” मी ओरडले. सासूवर आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले. “पाहिजे म्हणा! एकदा तरी पाहिजे म्हणा!”

काकांनी खाली पाहिलं. आई माझ्याकडे बघत राहिल्या, घाबरल्यासारख्या. पाहिजे त्या म्हणाल्या नाहीत. मिहिकाने हाक मारली आणि मी पुन्हा धावले.

दिवस कलता कलता हर्षल गाडी घेऊन पोचला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी त्या घरी आल्या. उजवा हात थोडा थरथरतो, नावं कधीकधी सापडत नाहीत, पण आल्या.

त्या रविवारी हर्षल कागद घेऊन बसला. आता क्रम आपणच द्यायचा. त्याने आईंची खोली सगळ्यात वर लिहिली. आमची खोली शेवटी. आईंनी पेन घेऊन ते खोडलं आणि थरथरत्या अक्षरांनी आपली खोली खाली लिहिली. हर्षलने ते खोडलं. मिहिका म्हणाली, “माझी लिहा शेवटी, मला नको एसी.” ती ते अगदी सहज म्हणाली. मी कागद फाडून टाकला. पेटी शिकतच राहिली.

पाऊस लांबला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा वीज गेली. रात्रपाळी करून आल्यामुळे मी भरदुपारी आमच्या खोलीत पडले होते, डोकं ठणकत होतं. हर्षल कामावर, मिहिका शाळेत. एसी बंद पडला. मला उठवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बघायचंही होतं. मधल्या दिवसांत आईंच्या खोलीसाठी मी प्रत्येक वेळी उठले होते. माझ्यासाठी कोण उठतं?

खोली तापायला लागली. मी छताकडे बघत पडून होते. मग पॅसेजमध्ये काठीचा आवाज आला, हळूहळू, थांबत थांबत. टक्. एसी सुरू झाला.

“काऊन वो,” दाराबाहेरून आई म्हणाल्या, “मांगता येत नाही का तुले?”

काठी टेकत त्या परत गेल्या. मला इतकं बरं वाटलं की डोकेदुखी विसरून मी त्यांना काहीतरी म्हणायला म्हणून उठले. पॅसेजमध्ये आले आणि पेटीसमोर थांबले. आमच्या खोलीचा दिवा हिरवा होता. त्याच्या शेजारचा, मागच्या खोलीचा, विझलेला. बारा वाजल्यापासून बंद. त्या तशा तापलेल्या खोलीतून उठून आल्या होत्या. माझं बटण दाबताना त्यांचं बोट स्वतःच्या बटणापासून दोन इंचांवर होतं.

मी मागे डोकावले. आई पलंगावर बसून विंझण्याने वारा घेत होत्या.

“बरं वाटलं का वो आता?” त्यांनी विचारलं.

मी परत येऊन त्यांचं बटण दाबलं. मग स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, पेटीसमोर ठेवली आणि घड्याळाकडे बघत बसले.